मेंदूचे प्रशिक्षण आणि रंजन : न्यूरोफीडबॅकचा इतिहास व खानदेशातील पूर्वपीठिका

प्रस्तावना

मेंदूच्या पेशींमध्ये सतत अत्यंत क्षीण असे विद्युतप्रवाह निर्माण होत असतात. डोक्याच्या त्वचेवर विद्युतअग्रे लावून त्यांची नोंद घेता येते. या नोंदीस विद्युत-मस्तिष्कालेख अथवा ईईजी म्हणतात. ही नोंद ज्याच्या मेंदूची आहे त्या व्यक्तीलाच ती त्या क्षणी आवाज, प्रकाश किंवा चित्राच्या रूपाने परत दाखविली आणि इष्ट बदल होताच काही बक्षीस दिले, तर त्या व्यक्तीस आपल्या मेंदूची लय हळूहळू बदलता येते, असा न्यूरोफीडबॅक या पद्धतीचा मूळ सिद्धांत आहे. मराठीत यास मेंदू-प्रत्याभरण म्हणता येईल. आज या पद्धतीत बक्षिसाची जागा रंजनाने घेतली आहे. अवधान टिकले की पडद्यावरील मोटार वेगाने धावते, चित्रपट स्पष्ट दिसतो, संगीत चालू राहते. अवधान सुटले की मोटार मंदावते आणि चित्र अंधुक होते. खेळता खेळता मेंदू शिकतो, असा दावा या साधनांचे विक्रेते करतात.

हा विषय वैद्यकशास्त्राचा किंवा मानसशास्त्राचा आहे, इतिहासाचा नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल. तथापि कोणत्याही तंत्रामागील दावे कोठून आले, ते कोणी तपासले आणि तपासणीत काय उरले, हे सांगण्याचे काम इतिहासालाच करावे लागते. या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथून जातो, ही बाब आपल्या भागातील अध्यापकांच्या फारशी विचारात आलेली नाही.

उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) न्यूरोफीडबॅकच्या विकासाचे प्रमुख टप्पे कालक्रमाने मांडणे.
२) योगाच्या प्रयोगशालेय अभ्यासाचे आणि त्यातील महाराष्ट्राच्या, विशेषतः खानदेशाच्या, सहभागाचे स्थान निश्चित करणे.
३) रंजनातून अवधान घडविण्याच्या स्थानिक परंपरेचा या संदर्भात विचार करणे.
४) शैक्षणिक संस्थांच्या दृष्टीने या इतिहासातून निघणारे निष्कर्ष नोंदविणे.

लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

अमळनेर ते लोणावळा

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमळनेर हे खानदेशातील वैचारिक चळवळीचे एक केंद्र बनले होते. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. त्याच वर्षी खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद जगन्नाथ गणेश गुणे या तरुण अध्यापकाकडे आले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६) म्हणून प्रसिद्धीस आले. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली त्यांचे शारीरिक शिक्षण झाले होते. राष्ट्रीय वृत्तीमुळे हे महाविद्यालय इंग्रज सरकारच्या रोषास पात्र ठरले आणि १९२० मध्ये बंद पडले. तरीही १९२३ पर्यंत गुणे यांचे अध्यापनकार्य चालू होते.

याच काळात मालसर येथील परमहंस माधवदास यांच्याकडून त्यांनी योगाचे शिक्षण घेतले. गुरूकडून मिळालेली विद्या श्रद्धेने स्वीकारून ते थांबले नाहीत. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत त्यांनी उड्डियान बंध व नौली या क्रियांच्या शारीरिक परिणामांचे मापन केले. क्ष-किरण व दाबमापक या साधनांच्या साह्याने, नौली करताना मोठ्या आतड्यात वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि या निर्वात अवस्थेस आपल्या गुरूंचे नाव दिले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले.

कुवलयानंदांची दृष्टी लक्षात घेण्यासारखी आहे. प्राणायामाने शरीरात फार मोठ्या प्रमाणावर प्राणवायू जातो, हा त्या काळी लोकप्रिय असलेला समज त्यांनी प्रयोगाच्या आधारे नाकारला. प्राणायामाचे महत्त्व त्यांना मान्य होते. परंतु ते चुकीच्या कारणावर उभे राहू नये, अशी त्यांची भूमिका होती. आपल्याला प्रिय असलेल्या विद्येविषयीचा दावासुद्धा यंत्रासमोर ठेवावा आणि यंत्राने सांगितलेले मान्य करावे, ही शिस्त पुढील सर्व विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

इसवी सन १९२४ : येना येथील प्रयोग

ज्या वर्षी कैवल्यधाम स्थापन झाले, त्याच वर्षी जुलै महिन्यात जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने मानवी मेंदूतील विद्युत लहरींची पहिली नोंद केली. बर्गरची मूळ प्रेरणा मोठी विलक्षण होती. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडून मृत्यूच्या जबड्यातून वाचला. नेमक्या त्याच दिवशी दूर असलेल्या त्याच्या बहिणीला भावावर संकट आल्याची तीव्र जाणीव झाली आणि घरून त्याच्या खुशालीची विचारणा करणारी तार आली. मनाचा मनाशी थेट संपर्क होत असावा, अशी त्याची धारणा झाली आणि त्यामागील भौतिक ऊर्जेचा शोध घेण्यात त्याने आयुष्य घालविले. परेंद्रियज्ञान त्याला सापडले नाही. सापडल्या त्या सेकंदास सुमारे दहा आवर्तने असलेल्या लहरी. त्यांना त्याने अल्फा हे नाव दिले. डोळे मिटून स्वस्थ बसल्यावर त्या ठळक होतात आणि डोळे उघडताच किंवा मन एखाद्या कामात गुंतताच मावळतात, हे त्याच्या लक्षात आले. पाच वर्षांच्या पडताळणीनंतर, १९२९ मध्ये, त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये त्यास दुजोरा दिल्यावरच शास्त्रज्ञांनी ते गांभीर्याने घेतले.

लोणावळा व येना येथील या घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. एक संशोधक योगापासून शरीराकडे निघाला होता, दुसरा गूढ अनुभवापासून मेंदूकडे. मात्र आंतरिक अनुभवाचे बाह्य मापन करता येईल, हा विश्वास दोघांच्या ठिकाणी समान होता. हे दोन मार्ग पुढे तीस वर्षांनी एकत्र आले.

योग्यांच्या मेंदूचे आलेख

१९३५ मध्ये फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ थेरेस ब्रॉस या सुटसुटीत हृदयालेखयंत्र घेऊन भारतात आल्या आणि योगी इच्छेनुसार हृदय थांबवू शकतात काय, याची तपासणी त्यांनी केली. त्यांच्या नोंदींवरून हृदयाचे कार्य जवळजवळ थांबल्याचा भास होत होता. १९५७ मध्ये अमेरिकेतील मॅरियन वेंगर व बसुकुमार बागची यांनी अधिक चांगली साधने घेऊन भारतात काही महिने प्रवास केला. बाळकृष्ण आनंद यांच्यासह १९६१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा होता की, श्वास रोखून छातीतील दाब वाढविल्यामुळे मनगटावरील नाडी हाताला लागत नाही आणि हृदयाचे ठोकेही ऐकू येत नाहीत. परंतु हृदयालेखात हृदय चालूच असते. म्हणजेच योग्याचे कौशल्य खरे होते, मात्र त्यावर बेतलेला दावा खरा नव्हता.

मेंदूच्या बाबतीतही असेच प्रयोग झाले. दास व गास्तो यांचा अभ्यास १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी १९६१ मध्ये चार योग्यांचे ध्यानावस्थेतील आलेख प्रसिद्ध केले. एरवी तीव्र प्रकाश, मोठा आवाज किंवा गरम वस्तूचा स्पर्श होताच अल्फा लहरी खंडित होतात. या योग्यांच्या ध्यानावस्थेत मात्र त्या अखंड राहिल्या. आणखी दोघांनी चार अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक काळ हात ठेवला, तरी त्यांच्या अल्फा लहरी टिकून होत्या. प्रयोगास बसलेल्या व्यक्तींची संख्या अल्प होती, हे खरे. तथापि मनाच्या सरावाने मेंदूच्या लयीत फरक पडतो, या गृहीतकास या आलेखांनी आधार दिला आणि पाश्चात्त्य संशोधकांनी त्याची वारंवार दखल घेतली.

प्रत्याभरणाचा शोध

योग्यास अनेक वर्षांच्या साधनेतून जे साधते, ते सामान्य माणसास यंत्राच्या साह्याने शिकविता येईल काय, हा पुढचा प्रश्न होता. शिकागो येथे १९५८ पासून जो कामिया यांनी या दिशेने प्रयोग केले. डोळे मिटून बसलेल्या व्यक्तीस घंटेच्या इशाऱ्यावर, या क्षणी मेंदूत अल्फा आहे की नाही, हे ओळखावयास सांगितले जाई आणि उत्तर बरोबर की चूक तेवढेच तिला कळविले जाई. सरावाने अनेकांची उत्तरे बहुतांशी बरोबर येऊ लागली. पुढे आवाजाच्या संकेतावरून अल्फा वाढविणे व कमी करणेही काहींना जमले. त्यांचा लेख १९६८ मध्ये एका लोकप्रिय मासिकात आला आणि तत्कालीन अमेरिकी तरुणाईत ‘झटपट ध्याना’ची लाट उसळली. १९६९ मध्ये जैवप्रत्याभरणाच्या संशोधकांची संघटनाही स्थापन झाली. परंतु १९७० च्या दशकातील काटेकोर प्रयोगांतून असे दिसून आले की, अल्फाशी जोडला गेलेला सुखद अनुभव बऱ्याच अंशी व्यक्तीच्या अपेक्षेवर व वातावरणावर अवलंबून असतो.

दुसरी धारा प्राण्यांवरील प्रयोगांतून आली. कॅलिफोर्नियातील बॅरी स्टरमन यांनी १९६० च्या दशकात मांजरांना सेकंदास बारा ते पंधरा आवर्तनांची एक विशिष्ट लय निर्माण केल्याबद्दल अन्नाचे बक्षीस दिले. स्किनरप्रणीत साधक अभिसंधानाचेच हे रूप होते. त्यानंतर अग्निबाणाच्या विषारी इंधनामुळे येणाऱ्या झटक्यांचा अभ्यास करताना, ही लय शिकलेली मांजरे इतरांपेक्षा अधिक काळ तग धरतात, असे त्यांना आढळले. यातून १९७२ मध्ये अपस्माराच्या रुग्णावरील प्रयोग प्रसिद्ध झाला आणि १९७६ मध्ये जोएल ल्युबार यांनी हीच पद्धत अतिक्रियाशील मुलासाठी वापरली. मांजराला दूध मिळत होते; मुलाला काय द्यावयाचे, या प्रश्नाच्या उत्तरातून रंजनाचा प्रवेश झाला.

रंजनाचा प्रवेश

कलेच्या क्षेत्रात याची सुरुवात त्यापूर्वीच झाली होती. १९६५ मध्ये अमेरिकी संगीतकार अल्विन लुसिए यांनी रंगमंचावर डोळे मिटून बसून आपल्या अल्फा लहरींच्या साह्याने ध्वनिक्षेपक कंपित केले आणि त्या कंपनांनी तालवाद्ये वाजविली. वादकाने मन अस्वस्थ होऊ दिले की वादन थांबे. १९९० च्या दशकात नासाच्या लँग्ले केंद्रातील अ‍ॅलन पोप यांनी, स्वयंचलित विमान चालविताना वैमानिकाचे अवधान किती टिकते, याचे मापन करणारे तंत्र मुलांच्या व्हिडिओ गेमला जोडले. खेळाचे नियंत्रण खेळणाऱ्याच्या अवधानावर अवलंबून ठेवल्यामुळे कंटाळवाणे सत्र आवडीचे होईल, असा त्यामागील विचार होता. २००९ पर्यंत डोक्याला पट्टा लावून हवेत चेंडू तरंगविण्याची खेळणी बाजारात आली. प्रयोगशाळेतील महागडे यंत्र अशा प्रकारे मुलांच्या खोलीपर्यंत पोहोचले.

येथे एक सूक्ष्म स्थित्यंतर झाले, त्याकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. आरंभी रंजन हे शिकण्याचे बक्षीस होते. पुढे तेच विक्रीचे कारण झाले. मूल आनंदाने खेळते, म्हणून ते शिकत असणार, असे अनुमान पालकांनी व संस्थांनी काढले. आनंद आणि अध्ययन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे मापनही वेगळे करावे लागते, ही जाणीव या गडबडीत मागे पडली.

पुराव्याची कसोटी

अवधान-न्यूनता असलेल्या मुलांवरील सुरुवातीच्या अनेक अभ्यासांत लक्षणीय सुधारणा नोंदविली गेली. मात्र त्यांपैकी बहुतेकांत मुलाला कोणता उपचार मिळत आहे, हे पालकांना ठाऊक होते. २०२१ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सात ते दहा वर्षे वयाच्या सुमारे १४० मुलांपैकी काहींना खरे प्रत्याभरण व इतरांना हुबेहूब तसेच दिसणारे, परंतु त्यांच्या मेंदूशी संबंध नसलेले प्रत्याभरण देण्यात आले. कोणाला काय मिळते, हे मुले, पालक व प्रशिक्षक यांपैकी कोणालाही माहीत नव्हते. दोन्ही गटांत ठळक सुधारणा झाली आणि दोहोंतील फरक नगण्य होता. २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ३८ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातही, ज्यांना उपचाराची माहिती नव्हती अशा निरीक्षकांच्या नोंदींनुसार, गट म्हणून अर्थपूर्ण लाभ दिसून आला नाही.

या निष्कर्षाचा एक भाग नेहमी सांगितला जातो व दुसरा राहून जातो. खोटे प्रत्याभरण मिळालेली मुलेही सुधारली, ही घटना उपेक्षिण्यासारखी नाही. कित्येक आठवडे ठरलेल्या वेळी येणे, एका जागी बसणे, एका प्रौढ व्यक्तीचे पूर्ण लक्ष मिळणे, प्रयत्नाचे कौतुक होणे आणि आपण सुधारणार अशी घरातील सर्वांची अपेक्षा असणे, एवढे सर्व दोन्ही गटांना मिळाले होते. वय वाढल्याने आपोआप होणारा बदलही त्यात मिसळलेला असणार. यांपैकी कशाचा वाटा किती, हे या चाचणीवरून ठरविता येत नाही. परंतु सुधारणेचे श्रेय पट्ट्याला व पडद्याला देता येत नाही, एवढे निश्चित.

मुक्ताई-चांगदेव परंपरा आणि रंजनातून अवधान

मुक्ताईनगर, पूर्वीचे एदलाबाद, हा परिसर संत मुक्ताबाईंच्या नावाने ओळखला जातो. परंपरेनुसार इ.स. १२९७ मध्ये तापीकाठी मेहूण येथे त्या अंतर्धान पावल्या. याच तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे. चौदाशे वर्षे योगसामर्थ्यावर जगलेला चांगदेव वाघावर बसून आला, त्याने पाठविलेले पत्र कोरेच होते आणि अखेर वयाने लहान असलेल्या मुक्ताईस त्याने गुरू मानले, ही कथा महाराष्ट्रास परिचित आहे. चांगदेव नावाच्या एकाहून अधिक व्यक्ती होऊन गेल्या असाव्यात, असे अभ्यासकांचे मत आहे. कथेचा शब्दशः इतिहास म्हणून उपयोग करता येत नाही. त्या समाजाच्या मूल्यदृष्टीचा पुरावा म्हणून मात्र करता येतो. शरीरावरील असामान्य ताबा आणि मनाची परिपक्वता या भिन्न गोष्टी होत, हा भेद वारकरी परंपरेने या कथेतून ठसविला आहे. ताटीच्या अभंगांत मुक्ताई रागावलेल्या भावाची समजूत घालते, तेथेही चित्ताचे नियमन हे नात्यातून व संवादातून घडताना दिसते.

आषाढीस मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाणारी पालखी हा दीर्घ अंतराचा सोहळा आहे. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावली टाकताना वारकऱ्यास आपला ठेका चुकला, हे त्याच क्षणी शेजाऱ्याच्या टाळावरून कळते आणि तो सावरतो. भारुडात हसता हसता श्रोता अध्यात्माच्या विषयाशी जोडला जातो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांनी घरोटाच्या लयीवर ओव्या रचल्या. मनाच्या चंचलतेवरील त्यांची रचना आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. रंजन, लय आणि तत्काळ दुरुस्ती यांतून अवधान घडविण्याच्या या लोकरीती होत.

यावरून आपल्या पूर्वजांना न्यूरोफीडबॅक ज्ञात होते, असा निष्कर्ष काढणे मात्र इतिहासाशी प्रतारणा ठरेल. मेंदूतील लहरींची कल्पना त्यांना नव्हती आणि त्यांचे ध्येयही गुणपत्रिकेतील टक्केवारी वाढविण्याचे नव्हते. या लोकरीतींचे मेंदूवरील परिणामही प्रयोगाने सिद्ध व्हावे लागतील. तुलनेतून एवढेच सांगता येते की, यंत्राच्या सत्रात जे घटक गौण समजले गेले, म्हणजे नियमितता, सोबत, लय व आपुलकी, तेच येथे केंद्रस्थानी आहेत.

अध्यापनाच्या इतिहासातूनही एक दाखला देता येईल. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते. गोष्टीच्या गोडीतून त्यांनी मुलांचे मन जिंकले आणि वसतिगृहात त्यांची मायेने काळजी घेतली. तेथे रंजन होते. परंतु त्यामागे उभा असलेला शिक्षक त्याहून मोठा होता.

शैक्षणिक संदर्भ

गेल्या काही वर्षांत स्मरणशक्ती, एकाग्रता किंवा ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या नावाखाली पालकांकडून मोठे शुल्क घेणारे वर्ग शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहेत. डोळे बांधून वाचन करण्याचे दावे विवेकवादी कार्यकर्त्यांनी उघडे पाडले, तरी नव्या नावाने तसलेच वर्ग निघतात. न्यूरोफीडबॅक हे त्यांच्या पंक्तीत बसविता येणार नाही. त्यामागे शंभर वर्षांचे प्रामाणिक संशोधन आहे आणि ते अद्याप चालू आहे. नेमकी हीच प्रतिष्ठा विक्रेत्यांच्या उपयोगी पडते. चीनमधील झेजियांग प्रांतात एका प्राथमिक शाळेने विद्यार्थ्यांच्या डोक्याला अवधान मोजणारे पट्टे लावले होते. २०१९ मध्ये लोकांच्या तीव्र नाराजीनंतर तो उपक्रम थांबवावा लागला. तेथे खेळाचे साधन हे पाळत ठेवण्याचे साधन झाले होते. कपाशीच्या वा केळीच्या एका हंगामावर वर्षाचा खर्च भागविणाऱ्या पालकाने मुलाच्या एकाग्रतेसाठी शुल्क भरावे काय, असे विचारले, तर त्यास उत्तर देण्याची जबाबदारी अखेर आपणा अध्यापकांवरच येते.

निष्कर्ष

१) न्यूरोफीडबॅकचा उगम केवळ पाश्चात्त्य प्रयोगशाळांत शोधणे अपुरे आहे. योगाच्या शास्त्रीय अभ्यासाने त्यास प्रेरणा दिली आणि त्या अभ्यासाच्या एका प्रणेत्याची जडणघडण अमळनेर येथे झाली.
२) प्रत्येक टप्प्यावर दाव्याचा काही भाग टिकला व काही भाग गळाला. नाडी न लागणे खरे ठरले, हृदय थांबणे नाही. मेंदूची लय बदलणे शक्य ठरले, त्यातून अवधान-न्यूनतेवर अपेक्षित विशिष्ट लाभ होणे सिद्ध झाले नाही.
३) रंजन हे शिकण्यास मदत करते, ते शिकल्याचा पुरावा नव्हे. या दोहोंचे मापन स्वतंत्रपणे व्हावयास हवे.
४) महाविद्यालयांनी व शाळांनी असे साधन स्वीकारण्यापूर्वी, तुलनात्मक गटावर त्याची चाचणी झाली आहे काय आणि मुलांच्या मेंदूच्या नोंदी कोणाकडे राहतात, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत.
५) कुवलयानंदांनी आपल्या गुरूकडून मिळालेली विद्या दाबमापकासमोर ठेवली. बाहेरून विकत घेतलेल्या विद्येला आपण त्याहून सौम्य कसोटी लावण्याचे काही कारण नाही. मानसशास्त्र, शारीरिक शिक्षण व मराठी या विभागांनी मिळून टाळ-पावलीच्या नियमित सरावाचा विद्यार्थ्यांच्या अवधानावर काय परिणाम होतो, याची तुलनात्मक गटासह एक लहान पाहणी हाती घेतल्यास, ती अल्प खर्चात होईल आणि मुक्ताईनगर परिसराइतके तीस योग्य क्षेत्र दुसरीकडे क्वचितच मिळेल.